बारा चमचे, सहा काटे: ही नक्षी कुणाची?

टिळकवाडीची

नमस्कार मंडळी. जाणकारांची मदत हवी आहे. जरा लांबण लागेल.

माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं. मामाने वाड्याचा मागचा सोपा उतरवायला काढला, तेव्हा माळ्यावरची एक शिसवी पेटी माझ्या वाट्याला आली. आत बारा मोठे चमचे आणि सहा काटे. चमचे इंग्रजी टेबलावरचे, आपल्या आमटीच्या चमच्याहून चांगलेच दांडगे. आजी त्यातल्या एका काट्याने मोरावळ्याचे आवळे टोचायची, एवढीच त्या काट्यांची आमच्या घरातली कामगिरी. चमचे सत्यनारायणाला तीर्थ द्यायला निघायचे. ज्या घरात पाटावर बसून जेवायची पद्धत, तिथे काटे आले कुठून, ह्याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं: "कॅम्पातल्या साहेबानं पणजोबांना दिले." पणजोबांचा बेळगाव कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, भुसार मालाचा पुरवठा होता, तेवढं खरं आहे.

दांड्याच्या टोकाला पंख्यासारखी आकृती, खाली दांडा कमरेत बारीक, दोन्ही कडांना वळत गेलेली उठावाची रेघ आणि मधे पानफूल. नेटवर शोधल्यावर 'किंग्ज पॅटर्न' नावाच्या नक्षीशी जुळतं, पण पुरतं जुळत नाही. पाठीवर इंग्रजी अक्षरं आहेत, ई पी एन एस. गावातल्या एका दुकानात एक चमचा दाखवला, तर त्यांनी पाठ बघितली आणि म्हणाले, "जर्मन सिल्व्हर आहे, भांड्याच्या भावात जाईल, सगळं ठेवून जा." ठेवून आले नाही.

नक्षीचं नाव काय, कुठली, साधारण कधीची? फोटो खाली टाकलेत.

कॅम्पातला

ताई, आधी अक्षरांचं बघू. ई पी एन एस म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. नावात सिल्व्हर असलं तरी आतल्या धातूत चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. वर विजेने चढवलेला चांदीचा पातळ थर. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी ह्या पद्धतीचं पेटंट १८४० मध्ये घेतलं, त्यामुळे तुमचे चमचे त्याच्या आधीचे नाहीत.

अस्सल इंग्रजी चांदी असती तर चालत्या सिंहाचा शिक्का दिसला असता. तो ९२.५ टक्क्यांचा पुरावा. त्याशेजारी तपासणी झाली त्या गावाची खूण: लंडनला बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमला जहाजाचा नांगर, शेफील्डला मुकुट. मग वर्षाचं अक्षर, कारागिराची आद्याक्षरं आणि १८९० पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून राजाचं नाहीतर राणीचं डोकं. मुलाम्याच्या मालाला ह्यातलं काही लागू नव्हतं. म्हणून कारखानदार आपली अक्षरं छोट्या छोट्या चौकटींत अशी मारायचे की लांबून हॉलमार्कच वाटावा. तुमच्या सराफाला दोष देत नाही, पण बाराच्या बारा चमचे एकाच कारखान्याचे, हे त्याने एका चमच्यावरून कसं ठरवलं?

किंग्ज पॅटर्न एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. टोकाला शिंपला, मधे हनीसकलचं फूल. त्याचाच चुलतभाऊ क्वीन्स पॅटर्न. किंग्जमध्ये शिंपला आत खोलगट असतो, क्वीन्समध्ये बाहेर फुगलेला. बोट फिरवून सांगा.

आणि 'साहेबानं दिले' हे प्रत्येक वाड्यात ऐकायला मिळतं. पलटण हलली की बंगल्यांतल्या सामानाचा लिलाव व्हायचा आणि तिथे पुरवठादार मंडळी पुढच्या रांगेत असायची. मला लिलाव जास्त पटतो.

लोंढा जंक्शन

रेल्वे विसरू नका हो! सदर्न मराठा रेल्वे आपल्याकडे १८८० च्या दशकात आली, १९०८ मध्ये मद्रास रेल्वेबरोबर एक होऊन मद्रास अँड सदर्न मराठा झाली. स्टेशनांवरच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये मुलाम्याचीच कटलरी असायची, दांड्यावर कंपनीची आद्याक्षरं. खानापूर त्याच लाइनीवर. एम एस एम असं काही कोरलंय का?

पेढेवाला धारवाड

फोटो दिसेनात. सगळ्यांनाच की फक्त मला?

टिळकवाडीची

फोटो परत चढवलेत.

@लोंढा जंक्शन, रेल्वेचं काही नाही. दांड्यावर कुणाचंही नाव, आद्याक्षर, मुकुट, काही कोरलेलं नाही.

@कॅम्पातला, बोट फिरवून बघितलं आणि गोंधळ वाढला. काही चमच्यांचा शिंपला खोलगट, तुम्ही म्हणता तसा. काहींवर शिंपलाच नाही. पंख्याच्या जागी पाकळ्या आहेत, मधली उंच आणि दोन्हीकडे उतरत्या. खालच्या हनीसकलच्या जागी कोयरी म्हणावी असं काहीतरी. अंधारात चाचपलं तर कळणार नाही, उजेडात धरलं की कळतं.

सराफकट्टा शहापूर

तेच म्हणणार होतो. पेटी एक म्हणजे माल एक, असं कधी धरायचं नाही.

दोन ढीग करा. शिंपला असलेले एका बाजूला, पाकळ्यावाले दुसऱ्या बाजूला. मग चमचा टेबलावर ठेवल्यावर तळ जिथं टेकतो ती जागा बघा. मुलामा तिथं पहिल्यांदा जातो. खालचा धातू पिवळसर करडा दिसतो, आणि कितीही घासला तरी चांदीचा पांढरेपणा त्याला येत नाही. भरीव चांदी झिजली तरी खाली चांदीच लागणार की. काट्यांचं तेच, दातांची टोकं बघा.

आणि कुणी काही म्हणू दे, मोडीत घालू नका. एकदा मुशीत गेलं की नक्षी कसली न् पॅटर्न कसला.

हुपरीचा

आमच्या घरात तीन पिढ्या चांदीचं काम, म्हणून दोन शब्द. हुपरी पैंजणाची, चमच्याची नव्हे, पण धातू तोच.

ताई, वजनं टाका. प्रत्येक चमच्याचं वेगळं. शिवाय घरच्या घरी घनता काढता येते. सराफी काटा असला तर उत्तम, नाहीतर ०.१ ग्रॅम दाखवणारा कुठलाही. आधी चमचा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि चमचा बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा. पेल्याच्या तळाला, कडेला लागू द्यायचा नाही. काटा जो आकडा दाखवेल तो बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरडं वजन भागिले तो आकडा. शुद्ध चांदी १०.४९. जर्मन सिल्व्हर साधारण ८.७. मधे एवढी दरी आहे की घरच्या काट्यालाही चुकता येणार नाही. बुडबुडे मात्र झटकून टाका, नक्षीत अडकतात.

लोहचुंबकाच्या नादी लागू नका. तो चांदीलाही चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हरलाही नाही.

निपाणीची आजी

वाचते आहे. माझ्या सासूबाईंकडेही असाच एक काटा होता, चकल्यांच्या पिठात मोहन कालवायला घ्यायच्या. साहेबाची भांडी आणि आमची कामं!

टिळकवाडीची

सगळं केलं. नवऱ्याने दोरा धरला, मी आकडे लिहिले.

शिंपल्याचे चमचे सहा. वजनं ५८ च्या आसपास, एकमेकांत जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा फरक. नमुन्याचा एक: ५८.४ ग्रॅम, पाणी ६.७. म्हणजे ८.७. तळाला पिवळट डाग आहेतच.

पाकळ्यांचे चमचेही सहा. ६९.३, ७०.२, ६९.८, ७०.६, ६९.५, ७०.१. दुसऱ्याचं पाणी ६.८ भरलं, म्हणजे १०.३. तळाला डाग नाहीत, झीज आहे.

म्हणजे पाकळ्यावाले चांदीचे? पण ई पी एन एस तर त्यांच्याही पाठीवर आहे!

कॅम्पातला

हे भन्नाट आहे. मुलाम्याच्या मालावर चांदीचा शिक्का मारणारे चोर ऐकले होते. चांदीवर 'मुलामा' असं लिहिणारा कोण महाभाग?

हुपरीचा

त्या अक्षरांचा जवळून फोटो टाका. भिंगातून, आडव्या उजेडात. दोन्ही प्रकारच्या चमच्यांचा, शेजारी शेजारी.

टिळकवाडीची

टाकलाय. आणि आत्ताच दिसलं! शिंपल्याच्या चमच्यावर अक्षरं सरळ आहेत, एका ठशाने मारलेली, प्रत्येकाची चौकट वेगळी. पाकळ्यांच्या चमच्यावर 'एस' उलटा आहे. आरशात दिसावा तसा. 'एन'ची तिरपी रेघही उलट्या बाजूने गेली आहे. आणि सहा चमच्यांवर सहा तऱ्हा: एकावर अक्षरं दाटीवाटीने, एकावर 'पी'चं पोट फुटलेलं. चौकटीही आहेत, पण छिन्नीने ओढलेल्या.

हुपरीचा

झालं. ताई, हे कारखान्याचं काम नव्हे, आपल्याकडच्या सोनाराचं. त्याला पुढ्यात एक चमचा ठेवून सांगितलं असणार, "असाच करून दे." त्यानं पुढचं तसंच केलं आणि पाठीवरचंही. त्याच्या लेखी ती अक्षरंही नक्षीच. इंग्रजी वाचता येत असतं तर चांदीच्या जिनसावर हे कोरलंच नसतं.

आता काम कसं झालं ते फोटोवरून सांगतो. पहिला संशय मला ओतकामाचा होता. मूळ चमचा मातीत दाबायचा, साचा करायचा, चांदी ओतायची. पण तसं केलं तर चांदी थंड होताना आकसते, नक्कल मुळापेक्षा थोडी आखूड येते आणि सगळ्या नकला सारख्या येतात. तुमच्या फोटोत पट्टी आहे म्हणून बघितलं, तुमचे पाकळीवाले लहानमोठे आहेत आणि दोन तर मुळापेक्षा लांब. म्हणजे ठोकून वाढवलेत. पासा, म्हणजे चांदीची लगड, ओतला, ठोकला, कडक झाला की तापवला, परत ठोकला. चांदी हातोडीखाली ताठरते, न तापवता ठोकत राहिलं तर कडेला चिरते. तिसऱ्या चमच्याच्या काठाला बारीक चीर डाग देऊन (झाळून) भरलेली दिसते ती त्यामुळेच. मग खोलगट भाग ठोकणीत बसवला, दांड्यावर छिन्न्यांनी नक्षी उठवली. कारखान्यात काय, वरखाली पोलादी ठसा, मधे धातू, एक दणका. पाठीपोटी नक्षी एकदम. तुमच्या पाकळीवाल्यांची पाठ बघा, पाठीवर नक्षी नाहीच, नुसती कडेची रेघ आहे. दुप्पट मेहनत कोण करतो.

टिळकवाडीची

बरोबर! पाठ साधीच आहे, आणि तिरकी धरली की हातोडीचे सपाट ठसे दिसतात, पॉलिशखाली दबलेले.

मुंबईचा लिलाववाला

अशा वस्तू रोज हाताखालून जातात, म्हणून बाजाराची बाजू सांगतो.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात चांदीला हॉलमार्कची सक्ती नव्हती. कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची पी. ऑर अशा पेढ्या आपापले शिक्के मारत. भूजचे उमरशी मावजी 'ओ एम भूज' मारत, आज त्या शिक्क्यावर किंमत कितीतरी पट वाढते. बाजाराला प्रदेशही नक्षीवरून कळतात: कच्छची दाट वेलबुट्टी, मद्रासच्या देवदेवता, काश्मीरची बारीक कोथिंबिरीसारखी पानं. तुमची नक्षी ह्यातल्या कुठल्याच कप्प्यात बसत नाही. कप्पा नाही म्हणजे कॅटलॉगमध्ये ओळ नाही, ओळ नाही म्हणजे भाव चांदीच्या वजनाचा. मला स्वतःला ह्या वस्तू जास्त आवडतात, पण माझ्या आवडीने बोली लागत नाही.

एक कायद्याचं. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून कुणी मेलवर चांगली किंमत सांगितली तरी कुरियरवाल्याकडे धावू नका.

टिळकवाडीची

विकायचं नाही हो. फक्त कळून घ्यायचं आहे.

वडगावचा इतिहासवेडा

पाकळ्या! अहो, बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती! १२०४ ची, रट्ट राजांचा मंत्री बिचिराज ह्याने बांधलेली. सभामंडपाच्या छताला जे दगडी कमळ आहे त्यावरून नाव पडलं. सोनार बेळगावचा असेल तर त्याने तेच कमळ बघून काढलं असणार. म्हणजे ही आपल्या मातीतली स्वतंत्र 'बेळगाव शैली' म्हणायला हरकत नाही.

कॅम्पातला

हरकत आहे. बस्तीचं कमळ छताला उलटं लोंबणारं, गोल, पाकळ्यांचे थरावर थर. चमच्यावर आहे ते बाजूने दिसणारं अर्ध कमळ. असं कमळ समईच्या टोकाला आहे, गौरीच्या मुखवट्याखाली आहे, पालखीच्या दांडीला आहे. सोनाराच्या हाताला ते इतकं सवयीचं असतं की त्याला किल्ल्यात जायची गरज नाही. शिंपला त्याने कधी कोरला नव्हता, कमळ रोज कोरत होता. हात ओळखीच्या वाटेने गेला, बस्स. सहा चमच्यांवरून शैली काढायची म्हणजे अवघड आहे.

वडगावचा इतिहासवेडा

तुम्हाला बेळगावचं काही चांगलं म्हटलेलं बघवत नाही.

पेढेवाला धारवाड

आता कुणीतरी बेळगाव की बेळगावी ते काढा, म्हणजे धागा शंभरी गाठेल.

सराफकट्टा शहापूर

नका रे. त्याला दुसरे धागे हायत की. आपण चांदीचं बोलू.

ताई, काल तुम्ही दुकानी येऊन गेलात त्याचं इथं लिहितो, म्हणजे सगळ्यांना कळेल. आधी कसोटीवर ओढ काढली, मग चोखपणा मोजायच्या मशिनवर लावला. मशिन वरवरचं वाचतं. जुन्या कारागिरांची रीत अशी की माल तयार झाला की आंबट पाण्यात उजळायचा. त्यात वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि चांदी आहे त्याहून चोख दिसते. म्हणून दांड्याच्या कडेला, जिथं झीज जास्त, तिथं धरलं. चांदी ९१ टक्क्यांच्या वर, ९२ च्या आत. बाकी तांबं. हा टंच ऐकला की आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसाला एकच गोष्ट आठवते: राणीछाप रुपया.

हुपरीचा

अगदी. त्या काळचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे ९१.७ टक्के. १९४० पासून सरकारने ती निम्म्यावर आणली. निम्म्या चांदीच्या रुपयांचा चमचा असता तर घनता साडेनऊच्या आसपास आली असती. तुमची १०.३, म्हणजे जुना रुपया आटवलाय. मात्र घनतेवरून रुपया आणि इंग्रजी ९२.५ वेगळे काढता येत नाहीत, दोन्ही १०.३ आणि १०.४ च्या मधे. तिथं कसोटीच हवी होती, ते काकांनी बरं केलं.

आता वजनं परत बघा. ११.६६ गुणिले सहा किती?

लोंढा जंक्शन

६९.९६!

हुपरीचा

आणि ताईंचे सहा चमचे ६९.३ ते ७०.६. गिऱ्हाईक चांदी घेऊन यायचं, सोनार भारावर काम घ्यायचा. एका रुपयाचं वजन म्हणजे एक भार, एक तोळा. "सहा भाराचा एक" असं ठरलं की घट धरून तेवढ्याला आणायचा, वजन जास्त झालं की कानशीने उतरवायचा, मजुरी वेगळी. मुळाचा चमचा ५८ ग्रॅमचा आणि नक्कल ७० ची, म्हणजे नक्कल करताना वजन मुळावरून घेतलं नाही, रुपयांवरून घेतलं. इंग्रज कारागीर रुपयात वजन धरत नाही.

मुंबईचा लिलाववाला

हे कॅटलॉगमध्ये लिहायला मला फार आवडलं असतं.

निपाणीची आजी

पण मला एक सांगा. मुलाम्याचे सहा होते, तर आणखी सहा चांदीचे कशाला? त्या वेळचे छत्तीस रुपये म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

कॅम्पातला

आजी, प्रश्न नेमका विचारलात. माझा तर्क: सेट अर्धा मिळाला. लिलावात सहाच होते, नाहीतर बाकीचे कुणी पळवले होते. पुरवठादाराकडे साहेब लोक बंगल्यावर जेवायला आले तर बारा पानांना बारा चमचे पाहिजेत. मुलाम्याचा माल परत मागवायचा तर मुंबईच्या दुकानाला लिहा, वाट बघा. शहापूरला सोनार हाकेच्या अंतरावर. आणि आपल्या माणसाला मुलाम्यात पैसे घालणं कधीच रुचलं नाही. चांदी अडीअडचणीला मोडता येते, मुलामा मोडून काय मिळणार?

सराफकट्टा शहापूर

शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजी मुलखात. मधे पायी चालायचं अंतर. सराफी शहापुरात जुनी आहे. पण अमुकच गल्लीत झालं असं म्हणायला कागद लागतो.

टिळकवाडीची

कागद! मामाकडे पणजोबांच्या चोपड्या आहेत, मोडी लिपीत. कुणाला मोडी येते का इथे? रोजमेळाची काही पानं मामाने फोटो काढून पाठवली आहेत. शके १८२९ ते १८३३ एवढ्या सालांची एक वही बरी आहे, बाकी कसरीने खाल्ल्या.

मोडीवाचक सांगली

मी प्रयत्न करतो. पानं १ ते ४ मध्ये काही नाही: गूळ, तांदूळ, हरभरा, गाडीभाडं, कॅम्पाची येणी. पाचव्या पानाचा वरचा कोपरा गेलाय, त्यामुळे तिथी मिळत नाही. पण खालून चौथी ओळ बघा. मी असं लावतो:

"पळ्या साहेबी तऱ्हेच्या नग ६ यांस चांदी भार ३६ घरची, मजुरी व घट शापूर सोनार यांस…"

पुढची रक्कम घडीवर आली आहे, पुसट. 'शापूर' म्हणजे शहापूरच, जुन्या लिखाणात असंच येतं. सोनाराचं नाव घातलेलं नाही. नेहमीचा माणूस असला की नाव घालत नसत. शके १८२९ ते १८३३ म्हणजे इ.स. १९०७ ते १९१२ च्या दरम्यान.

हुपरीचा

नग सहा, भार छत्तीस! रामराम घ्या.

वडगावचा इतिहासवेडा

बेळगाव शैली म्हणत नाही, शहापूर काम तरी म्हणू द्या.

कॅम्पातला

शहापूर काम म्हणायला माझी काही हरकत नाही. कागदावर आहे ते. शिंपल्याच्या सहांचं मात्र अजून काहीच ठरलं नाही. त्यांच्या पाठीवर ई पी एन एस शिवाय काही आहे का? झेंडीत डब्ल्यू अँड एच असेल तर शेफील्डची वॉकर अँड हॉल. आर डी आणि पुढे आकडा असेल तर फारच छान. नक्षी नोंदवल्याचे ते आकडे १८८४ पासून ओळीने चढत गेलेत, आकड्यावरून वर्षाच्या जवळ जाता येतं. त्याआधी १८४२ पासून पतंगाच्या आकाराची खूण असायची.

टिळकवाडीची

झेंडी नाही, आर डी नाही. 'ए १' दिसतं एका चमच्यावर आणि त्यापुढे एक चौकट पूर्ण झिजलेली.

कॅम्पातला

'ए १' म्हणजे मुलाम्याचा थर जाड असल्याची कारखानदाराची स्वतःची ग्वाही, त्याला सरकारी अर्थ नाही. झिजलेली चौकट नाव सांगणार नाही. किंग्ज पॅटर्न इतक्या कारखान्यांनी काढला की नुसत्या नक्षीवरून कुणाचा ते ओळखता येत नाही. तिथे मी थांबतो.

निपाणीची आजी

घासायचं काय? माझी सून टूथपेस्ट लावते.

सराफकट्टा शहापूर

टूथपेस्ट नको, आजी. ओरखडे पडतात. अॅल्युमिनियमची पन्नी आणि सोड्याचं गरम पाणीही नको ह्यांना. काळेपणा निघतो खरा, पण नक्षीच्या खाचेतलाही निघतो आणि उठाव सपाट दिसायला लागतो. रिठ्याच्या पाण्यात धुवायचं, मऊ फडक्यानं पुसायचं. मुलाम्याच्यांना तर जितकं कमी घासाल तितकं बरं, थर एकदा गेला की गेला. आणि रबर बँड बांधून ठेवू नका, त्यातल्या गंधकानं काळा पट्टा पडतो.

टिळकवाडीची

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा नग वेगळ्या कापडात बांधले आणि चिठ्ठी घातली: शहापूर, रुपयाची चांदी, भार छत्तीस. मामाला सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे साहेबानं दिले नाहीत?" त्याचं मन मोडलंय जरा.

हुपरीचा

मामांना सांगा, साहेबाचे अजून सहा आहेत. त्यावर वाद घालता येईल.

पण ताई, काटे राहिले. चोपडीत पळ्या सहाच लिहिल्यात, काट्यांचा उल्लेख नाही. तुमच्या पहिल्या फोटोत एका काट्याच्या दातांच्या मुळाशी खाच गोल आहे, ती ठशाने कापलेली. शेजारच्या काट्याची खाच चौकोनी, करवतीनं कापून कानशीनं साफ केलेली. म्हणजे काट्यांतही मिसळ आहे. ज्यानं आवळे टोचले तो कुठला?

टिळकवाडीची

चौकोनी खाचेचा. उद्या काट्यांची वजनं टाकते.

मोडीवाचक सांगली

मामांना पान ६ च्या पुढचीही पाठवायला सांगा. पाचव्याच्या पाठीमागून शाई उमटलेली दिसते आहे, तिथे 'भार' असं काहीतरी आहे.